कम्युनिटी कॉलेजातून आर्किटेक्चरला: युनिट्स नंतर मोजा, आधी स्टुडिओ मोजा

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. लेक १९ वर्षांची, कम्युनिटी कॉलेजच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. तिला आर्किटेक्ट व्हायचंय. काउन्सेलर म्हणतात, ६० युनिट्स पूर्ण कर, मग थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश. ओळखीतला एक मुलगा सांगतो, ट्रान्सफर घेऊनही त्याला पुढे चार वर्षं लागली. खरं कुणाचं धरायचं? आणि तिकडचे नातेवाईक विचारतात, पहिल्यापासूनच युनिव्हर्सिटीत का नाही घातली?"

ताई, दोघांचंही खरं आहे. काउन्सेलर युनिट्स मोजतायत आणि तो मुलगा स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष डिझाइन करायला लावणारे मुख्य कोर्स, मोजतोय. आर्किटेक्चरमध्ये किती वर्षं लागणार हे स्टुडिओवर ठरतं, आणि ही एक गोष्ट वेळेवर कळली नाही म्हणून चांगली चांगली मुलं दीड-दोन वर्षांनी मागे पडलेली मी पाहिली आहेत. मी इथला परवानाधारक आर्किटेक्ट आहे आणि गेली अकरा वर्षं संध्याकाळी एका कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ शिकवतो. त्यामुळे हे जरा सविस्तरच सांगतो.

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथून ६० सेमिस्टर युनिट्स घेऊन यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, म्हणून जाणं ही चांगली रुळलेली वाट आहे. इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, इतिहास अशा विषयांना ती बऱ्यापैकी सरळ जाते. आर्किटेक्चरमध्ये मात्र स्टुडिओंची साखळी असते. पहिला झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही, आणि एका सेमिस्टरला एकच होतो. पाच वर्षांच्या बी.आर्क.मध्ये साधारण दहा स्टुडिओ असे एकामागे एक लागलेले असतात. मुलगी कितीही हुशार असली तरी दोन स्टुडिओ एकत्र उरकता येत नाहीत. म्हणून युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळणं आणि तिथे कितव्या स्टुडिओत बसवणं हे दोन वेगळे निर्णय असतात. पहिला मार्कांवर होतो. दुसरा बहुतेक ठिकाणी तिचे झालेले स्टुडिओ आणि पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचा संग्रह, पाहून होतो.

माझ्याकडची एक विद्यार्थिनी इथून गेली तेव्हा तिची ७१ युनिट्स झाली होती, जवळजवळ सगळीकडे ए. पण स्टुडिओ एकच. बी.आर्क.ला प्रवेश मिळाला, कागदावर ती ज्युनिअर, आणि बसवलं दुसऱ्या वर्षाच्या आरंभी. म्हणजे पुढे चार वर्षं. त्यात आणखी एक अडचण आली, जिचा विचार आधी कुणी केला नव्हता. इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र सगळं आधीच झालेलं असल्यामुळे काही सेमिस्टरना तिच्याकडे स्टुडिओ आणि एखादा तांत्रिक विषय सोडून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून १२ युनिट्स लागतात. तेवढी भरली नाहीत तर आर्थिक मदत कमी होते. तिने १२ भरायला नको असलेले विषय घेतले, पैसे देऊन.

तेव्हापासून मी मुलांना सांगतो की जनरल एज्युकेशनचा, म्हणजे सगळ्या शाखांना लागणाऱ्या सामायिक विषयांचा, डबा पूर्ण रिकामा करू नका. यूसीच्या किंवा कॅल स्टेटच्या किमान अटी पूर्ण हव्यातच: इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरे. त्यापलीकडचे दोन-तीन विषय पुढच्या स्टुडिओंना जोडीला राहू द्या. २०२५ च्या फॉलपासून 'कॅल-गेटसी' नावाचा या सामायिक विषयांचा ३४ युनिट्सचा एकच आराखडा लागू झालाय आणि काउन्सेलर तो पूर्ण करायला सांगतात. बहुतेक शाखांसाठी तो सल्ला चांगला आहे. तुमच्या लेकीने मात्र आधी स्टुडिओ, गणित, फिजिक्स यांची जागा वेळापत्रकात पक्की करावी आणि उरलेल्या जागेत बाकीचं बसवावं.

आता एक निर्णय, जो शक्यतो या वर्षातच घ्यायला हवा. आर्किटेक्चरची पदवी इथे दोन प्रकारची असते. एक पाच वर्षांची बी.आर्क., जिला नॅब या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असते. कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो, कॅल पॉली पोमोना, यूएससी, वुडबरी, साय-आर्क इथे ती मिळते. दुसरी चार वर्षांची बी.ए., उदाहरणार्थ यूसीच्या बर्कली किंवा यूसीएलए (लॉस एंजेलिस) कॅम्पसची. या पदव्या उत्तम आहेत, पण त्यांना नॅबची मान्यता नाही. त्या पुढच्या एम.आर्क.साठी, म्हणजे मास्टर्ससाठी, पाया म्हणून आखलेल्या आहेत. व्यावसायिक पदवी हवी असेल तर बी.ए.नंतर एम.आर्क. करावं लागतं, साधारण दोन ते तीन वर्षांचं.

म्हणजे हिशोब असा मांडा. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं, मग बी.आर्क.मध्ये बहुधा चार: एकूण सहा. किंवा कम्युनिटी कॉलेजात दोन, बी.ए.ची दोन, एम.आर्क.ची दोन: तीही सहा, आणि हाती मास्टर्स. वेळेचा फरक फारसा नाहीच. पैशाचा आहे, कारण मास्टर्सची फी जास्त असते आणि तिला मिळणारी मदत प्रत्येक ठिकाणी वेगळी. स्वभावाचाही आहे. ज्या मुलीला आत्ताच नक्की माहीत आहे की इमारतीच बांधायच्या, तिला बी.आर्क. मानवतं. जिला शहररचना, इतिहास, पर्यावरण असं आजूबाजूलाही बघायचंय, तिला बी.ए.ची मोकळीक बरी वाटते. मला विचाराल तर तुमच्या लेकीने दोन्हीकडे अर्ज करावा, पण विषय निवडताना बी.आर्क.च्या अटी डोळ्यांसमोर ठेवाव्यात, कारण त्या जास्त कडक आहेत.

कॅलिफोर्नियाचा परवाना मिळवायला नॅबची पदवी बंधनकारक नाही, हेही सांगून ठेवतो. इथलं मंडळ शिक्षण आणि अनुभव मिळून आठ वर्षं मोजतं. मग ए.आर.ई. या राष्ट्रीय परवाना परीक्षेचे सहा पेपर आणि वर राज्याची वेगळी परीक्षा. पण इतर अनेक राज्यांत ती पदवी मागतात, आणि विशीतल्या मुलीने आपलं आयुष्य एका राज्याला बांधून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

'टॅग' नावाच्या हमी योजनेबद्दल बऱ्याच पालकांचा गैरसमज असतो. काही यूसी कॅम्पस ठरलेले मार्क असले की प्रवेशाची हमी देतात. बर्कली आणि यूसीएलए त्या योजनेत नाहीत. कॅल स्टेटला जाण्यासाठी कम्युनिटी कॉलेजात मिळणाऱ्या ट्रान्सफर पदवीचंही तसंच. त्या व्यवस्थेत कुठेतरी जागा मिळेल याची ती हमी आहे. मनासारखा कॅम्पस आणि गर्दीची शाखा मिळेल याची नाही. आर्किटेक्चर सगळीकडेच गर्दीचं आहे.

आता वेळापत्रकाकडे येतो, कारण मुलं इथेच फसतात. फॉलच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सेमिस्टरच्या, प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचे असतात. दोन वर्षांत ट्रान्सफर करायचं तर दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अर्ज जातो. तेव्हा हातात काय असतं? पहिलं वर्ष, एक उन्हाळा आणि अर्धवट झालेलं तिसरं सेमिस्टर. त्या फॉलचे मार्क यूसीला जानेवारीत कळवता येतात, पण अर्ज जातो तो त्याआधी झालेल्या कामावर. म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला स्टुडिओ सुरू केला असेल तर अर्जाच्या वेळी दोन पूर्ण आणि तिसरा चालू असतो. दुसऱ्या सेमिस्टरला सुरू केला असेल तर एक पूर्ण आणि दुसरा चालू. तुमच्या लेकीने अजून सुरू केला नसेल, तर कम्युनिटी कॉलेजात तिसरं वर्ष काढायला अजिबात संकोच करू नका. इथे तीन स्टुडिओ करून जाणं हे घाईने एका स्टुडिओवर जाऊन तिथे पुन्हा खालून सुरुवात करण्यापेक्षा कितीतरी बरं. इथे एका युनिटला रहिवाशांना ४६ डॉलर पडतात, ६० युनिट्सचे २,७६० डॉलर. यूसीत नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या वर जाते. स्टुडिओत चुका करायच्याच असतात. त्या इथे केलेल्या परवडतात.

'असिस्ट' नावाचं सरकारी संकेतस्थळ तिने तोंडपाठ करावं. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसी वा कॅल स्टेटमध्ये कशाच्या बदल्यात धरला जातो, ते तिथे शाखावार दिलेलं असतं. पाहताना सामान्य यादी पाहू नका. 'आर्किटेक्चर' ही शाखा आणि नेमकं वर्ष निवडा. कोर्सचं नाव सारखं म्हणून तो धरला जाईल असं नसतं. एका कॅम्पसला चालणारा स्टुडिओ दुसऱ्याच्या यादीत नसतोही. मग त्या दुसऱ्या ठिकाणी तो पोर्टफोलिओ दाखवून मान्य करून घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायचा, असाइनमेंटच्या कागदांसकट. दोन वर्षांनी तो कॉलेजच्या पोर्टलवर सापडत नाही.

याच ठिकाणी एक चूक फार होते. आपल्या भागातल्या पुष्कळ कम्युनिटी कॉलेजांत आर्किटेक्चरच्या नावाखाली दोन प्रवाह चालतात. एक डिझाइन स्टुडिओचा, ट्रान्सफरसाठी. दुसरा ड्राफ्टिंगचा: ऑटोकॅड, रेव्हिट ही नकाशे काढायची सॉफ्टवेअर्स, बांधकामाचे नकाशे, नोकरीसाठी प्रमाणपत्र. दुसराही चांगला आहे, त्यावर पोट भरतं. पण त्यातले कोर्स ट्रान्सफरला स्टुडिओ म्हणून धरले जात नाहीत, फार तर इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून. कोर्सच्या यादीत दोन्हींची नावं शेजारीशेजारी असतात आणि मुलं रेव्हिटचे तीन कोर्स करून बसतात. लेकीला आजच विचारा की तिने घेतलेला कोर्स यातला कुठला.

फिजिक्स पुढे ढकलायचं नाही. स्ट्रक्चर्सचे, म्हणजे इमारत भार कसा पेलते ते शिकवणारे, विषय फिजिक्सशिवाय सुरू होत नाहीत. तेही साखळीतच असतात, आणि एक वर्ष तिथे अडलं की स्टुडिओ पुढे जाऊनही पदवी लांबते. कुठलं फिजिक्स, कॅल्क्युलसवालं की त्याशिवायचं, हे प्रत्येक ठिकाणी निराळं आहे. असिस्टवर बघून ठरवा.

इथून पुढचा भाग लेकीला वाचायला द्या.

बाळ, पोर्टफोलिओ म्हणजे चकचकीत चित्रांची वही नव्हे. तपासणारे लोक एका दिवसात ढिगाने पोर्टफोलिओ बघतात. संगणकावर काढलेलं काचेचं घर, मागे सूर्यास्त, पुढे गाडी, असं त्यांनी हजारदा पाहिलेलं असतं. तुला दिसतं कसं, आणि एकदा चुकल्यावर तू काय बदलतेस, एवढंच त्यांना शोधायचं असतं. म्हणून शेवटच्या मॉडेलशेजारी त्याच्या आधीची तीन फसलेली मॉडेलं लहान आकारात दाखव. काय बदललं ते एका ओळीत लिही. गटात केलेलं काम असेल तर तुझा हात कुठे लागलाय ते स्पष्ट लिही.

माझ्या वर्गातला एक मराठी मुलगा सुट्टीत रत्नागिरीजवळ आजोळी गेला होता. मी त्याला इतकंच सांगितलं होतं की टेप आणि ग्राफ पेपर घेऊन जा आणि आजीचं घर मोजून आण. त्याने ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर सगळं मोजलं. भिंतीची जाडी मोजली, पायरीची उंची मोजली, कौलांचा उतार मोजला. परत आल्यावर त्याने पेन्सिलने घराचा आडवा सेक्शन, म्हणजे घर मधून कापल्यावर आत जसं दिसेल ते चित्र, काढला. त्या माजघराला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो कौलांत बसवलेल्या एका काचेतून. सकाळी अकराच्या सुमाराला तो कवडसा जमिनीवर कुठे पडतो हे त्याने तीन दिवस खडूने खूण करून पाहिलं होतं, आणि सेक्शनमध्ये ती तिरपी रेघ काढली होती. जिथे कवडसा पडायचा तिथेच आजी तांदूळ निवडायला बसायची, तेही काढलं होतं. त्याच्या पंधरा पानांतलं ते एक पान. मुलाखतीत बाकी सगळं पाच मिनिटांत उलटलं गेलं आणि उरलेला वेळ त्याच पानावर बोलणं झालं, असं तो सांगत होता. तू आजोळी जाणार नसशील तर तुमच्या रस्त्यावरचा बसथांबा मोज, लाँड्रोमॅट मोज. मोजलेल्या जागेचं चित्र लगेच ओळखू येतं.

स्केच रोज कर, बारीक निबच्या पेनने, खोडरबर न वापरता. मॉडेलसाठी चिपबोर्ड (जाड पुठ्ठा) कापताना पातं सतत बदल, बोथट पात्याने कडा फाटते आणि बोटही. एका फटक्यात आरपार कापायला जाऊ नकोस. पट्टी घट्ट धरून हलक्या हाताने तीन-चारदा फिरव.

ट्रान्सफर झाल्यावर पहिलं सेमिस्टर जड जातं, हे आधीच माहीत असू दे. तिथली मुलं दोन वर्षं एकत्र रात्री जागलेली असतात, त्यांना लेझर कटरची रांग माहीत असते, राइनो हे थ्रीडी सॉफ्टवेअर हाताखालचं असतं. तुला सगळं नवं. त्या उन्हाळ्यात राइनो शिकून घे, बाकी काळजी करू नकोस. कम्युनिटी कॉलेजातून आलेल्या मुलांना वेळ सांभाळता येतो, नोकरी करून शिकलेली असतात, आणि चौथ्या वर्षापर्यंत त्यातली बरीच पुढे गेलेली दिसतात.

उन्हाळ्यात एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम मिळालं तर तासांची नोंद ठेव. परवान्यासाठी ३,७४० तासांचा अनुभव लागतो आणि हायस्कूल संपल्यापासूनचे तास त्यात धरता येतात. काम केल्यापासून आठ महिन्यांच्या आत नोंदवलेस तर पूर्ण धरतात, उशीर झाला तर निम्मे. ट्रान्सफर विद्यार्थ्यांना वेळ जास्त लागतो असं म्हणतात ना, तो वेळ इथे भरून निघतो.

ताई, आता पुन्हा तुमच्याशी. तुम्ही व्हिसाचं लिहिलं नाहीत, पण आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी आहे म्हणून विचारतो. लेक एच-४ वर, म्हणजे पालकांच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असेल तर ते स्टेटस २१ व्या वर्षी संपतं, आणि तिची सहा वर्षांची वाट २१ च्या बरीच पुढे जाते. एच-४ वर राज्याची रहिवासी म्हणून कमी फी लागू शकते; एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेल्यावर ते बदलू शकतं, आणि एफ-१ ला प्रत्येक सेमिस्टर पूर्णवेळ असणं भाग असतं, म्हणून ते १२ युनिट्सचं गणित तिथे आणखी महत्त्वाचं होतं. इमिग्रेशनच्या वकिलाशी आणि युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसशी अर्ज भरण्याच्या आधी बोला, प्रवेश मिळाल्यावर नको.

नातेवाईकांचं म्हणाल तर त्यांचं चुकत नाही. महाराष्ट्रात बी.आर्क. म्हणजे नाटा ही प्रवेशपरीक्षा द्यायची, पहिल्या वर्षात शिरायचं आणि पाच वर्षांनी बाहेर पडायचं. अर्ध्या वाटेत गाडी बदलायची ही कल्पनाच तिथे ओळखीची नाही. त्यांना जगप्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक गेरींचं सांगा. १९४७ साली कुटुंबाबरोबर लॉस एंजेलिसला आले, ट्रक चालवत लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात शिकले, तिथून यूएससीत गेले आणि १९५४ साली आर्किटेक्चरची पदवी घेतली. सिटी कॉलेज म्हणजे कम्युनिटी कॉलेजच. १९८९ साली त्यांना प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला. आणि गोव्याकडचं कुणी विचारत असेल तर चार्ल्स कोरियांचं सांगा: आधी मुंबईत सेंट झेवियर्स, मग मिशिगन, मग एमआयटी. त्यांनी आखलेली पणजीची कला अकादमी बघताना ते शिक्षण किती ठिकाणी झालं हे कुणी विचारत नाही.

या आठवड्यात लेकीने तीन कामं करावीत. असिस्टवर दोन्ही कॅल पॉली आणि बर्कलीच्या आर्किटेक्चरच्या याद्या काढून आपल्या कोर्सेससमोर ठेवाव्यात. स्टुडिओच्या शिक्षकांना ऑफिस अवर्समध्ये भेटावं, कारण मागच्या पाच वर्षांत कोण कुठे गेलं आणि कितव्या वर्षात बसवलं हे काउन्सेलरपेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं. आणि मॉडेलं टाकून द्यायची नाहीत. गॅरेजमध्ये जागा नसेल तर आधी फोटो काढावेत: उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल, मागे राखाडी कागद वळवून लावलेला, फ्लॅश बंद, आणि फोन मॉडेलमधल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, अगदी टेबलाला टेकवून. वरून काढलेल्या फोटोत फक्त छप्पर दिसतं.